कॅन्सर परतला, तर रिपोर्टही नवा हवा



काही दिवसांपूर्वी ओपीडीत साठीच्या एक बाई आल्या, सोबत त्यांचा मुलगा. आठ वर्षांपूर्वी बाईंच्या स्तनातली गाठ काढली होती. केमो झाली, रेडिएशन झालं, नंतर पाच वर्षं रोजची गोळी त्यांनी न चुकता घेतली. सगळं सुरळीत चाललं होतं. आता दोन महिन्यांपासून कंबर दुखत होती. पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि यकृतात डाग दिसले.

मुलाने पिशवीतून जाडजूड फाईल काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, आईचे सगळे रिपोर्ट यात आहेत. एकही कागद हरवलेला नाही. आता फक्त औषध लिहून द्या."

मी फाईल पाहिली आणि म्हटलं, "यकृतातल्या डागाची सुईने बायोप्सी करू."

मुलाचा चेहरा उतरला. "परत बायोप्सी? आजार तर तोच आहे ना? आणि सुई लावली की तो पसरतो, असं सगळेच सांगतात."

हा संवाद तुमच्या घरातही झाला असेल, किंवा कधीतरी होईल. म्हणून या विषयावर माझं मत आज स्पष्ट मांडतो. कॅन्सर परतला किंवा औषधाला दाद देईनासा झाला, तर जमेल तिथे त्याची नव्याने तपासणी व्हायलाच हवी. जुना रिपोर्ट जुन्या पेशींचा असतो. आज तुमच्या शरीरात असलेल्या पेशी त्यांच्याच वंशातल्या असल्या, तरी तशाच वागतील असं नाही. हे का घडतं ते समजून घ्यायचं, तर आपल्याला पेशीच्या आत डोकवावं लागेल.

डबे तेच, स्वयंपाक वेगळा

तुमच्या डोळ्यातली पेशी, यकृतातली पेशी आणि नखाच्या मुळाशी असलेली पेशी, या तिघींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. प्रथिनं बनवण्याची कृती सांगणारी साधारण २०,००० जनुकं प्रत्येकीकडे आहेत. तरी डोळ्यात नख उगवत नाही. का?

स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. फळीवर डबे वर्षभर तेच असतात. पण एकादशीला साबुदाणा आणि शेंगदाण्याचा डबा खाली येतो, दिवाळीत बेसन आणि रव्याचा. आज कोणता डबा उघडायचा आणि कोणता बंद ठेवायचा, हे घरातली आजी ठरवते. पेशीतली जनुकं म्हणजे हे डबे. आणि कोणतं जनुक कधी, किती वापरायचं हे ठरवणारे रेणू म्हणजे जनुकांचे नियामक, आपल्या उदाहरणातली आजी.

हे नियामक अनेक प्रकारचे असतात. काही प्रथिनं थेट डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारचं जनुक चालू किंवा बंद करतात. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिनं आहेत. काही वेळा जनुकावर मिथाइल नावाची छोटी रासायनिक खूण चिकटते आणि ते जनुक गप्प होतं, जणू डब्याला सील लागलं. काही जनुकं इतकी घट्ट गुंडाळून ठेवलेली असतात की तिथपर्यंत हात पोचत नाही, जणू डबा माळ्यावर टाकलाय. आणि मायक्रो-आरएनए नावाचे चिमुकले रेणू तर आजीने दिलेली चिठ्ठी स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच फाडून टाकतात. मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. तो शोध १९९३ साली एका बारीकशा कृमीत लागला होता.

आता महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. जनुकातच बिघाड होणं, म्हणजे म्युटेशन, हे डब्यातला जिन्नस खराब होण्यासारखं आहे. तो सहसा पुन्हा चांगला होत नाही. नियमनातला बदल मात्र वेगळा. जिन्नस ठीक असतो, फक्त नको तो डबा उघडला जातो आणि हवा तो बंद राहतो. असा बदल लवकर होऊ शकतो, आणि बऱ्याचदा उलटही फिरू शकतो. कॅन्सरची पेशी दोन्ही मार्ग वापरते. आपण सहसा फक्त म्युटेशनबद्दल ऐकतो. या दुसऱ्या मार्गाबद्दल घरोघरी फारसं बोललं जात नाही.

तुम्ही एका नियामकाला आधीच ओळखता

हे सगळं प्रयोगशाळेतलं वाटत असेल, तर स्तनाच्या कॅन्सरचा कोणताही रिपोर्ट काढून बघा. त्यात 'ईआर पॉझिटिव्ह' किंवा 'ईआर निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. हा रिसेप्टर स्वतःच एक जनुक-नियामक आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याला येऊन चिकटतं, मग तो डीएनएवर बसतो आणि पेशीला वाढायला लावणारी जनुकं चालू करतो.

पाश्चात्य देशांत स्तनाच्या कॅन्सरच्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघींची गाठ ईआर पॉझिटिव्ह असते. आपल्याकडे हे प्रमाण थोडं कमी आहे, तरी अशा रुग्ण खूप आहेत.

टॅमॉक्सिफेनची साधी गोळी नेमकी या नियामकावर काम करते. इस्ट्रोजेनच्या जागी ती जाऊन बसते आणि त्याचं काम अडवते. अमेरिकेत १९७७ साली तिला मान्यता मिळाली, आणि आजही ती आपल्याकडच्या सर्वात स्वस्त कॅन्सरच्या औषधांपैकी एक आहे. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी ती पाच वर्षं नियमित घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. इतका मोठा फायदा एका स्वस्त गोळीचा! पण "आता बरं वाटतंय, कशाला रोज गोळी" असं म्हणून ती मध्येच सोडणारे रुग्ण मी दर महिन्याला पाहतो. गरम वाफा येतात, सांधे दुखतात, पाळी बिघडते, हे सगळं खरं आहे. पण त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. त्रास कमी करता येतो, गोळी बदलताही येते. न सांगता बंद करू नका.

बरं, बाईंनी तर पाचही वर्षं गोळी घेतली होती. मग आजार का परतला?

पेशी घर का सोडते?

स्तनाच्या नळ्यांतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहतात. ई-कॅधेरिन नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. आपली जागा सोडून त्या कुठे जात नाहीत. मग अशी पेशी उठून मणक्यात किंवा यकृतात कशी पोचते?

उत्तर आपल्या जन्माआधीच्या काळात आहे. आईच्या पोटात गर्भ आकार घेत असतो, तेव्हा काही पेशींना खरोखरच प्रवास करावा लागतो. गर्भाच्या पाठीकडच्या भागातून निघून त्या चेहऱ्याची हाडं घडवतात, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी होतात, मज्जातंतू होतात. त्यासाठी त्या चिकटपणा सोडतात, लांबुळक्या होतात आणि सरपटत निघतात. हा बदल घडवणारे नियामक म्हणजे स्नेल, ट्विस्ट, झेब. यातली पहिली दोन नावं फळमाशीच्या अभ्यासातून आली. या नियामकांत बिघाड झाला की माशीचा गर्भ नीट घडत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना ते सापडले. जन्मानंतर ही जनुकं बहुतेक पेशींत शांत असतात. जखम भरताना काही पेशी त्यांची मदत घेतात, एवढंच.

कॅन्सरच्या काही पेशी हेच बंद डबे पुन्हा उघडतात. स्नेल थेट ई-कॅधेरिनच्या जनुकावर बसून ते बंद करतो. चिकटपणा सुटला की पेशी मोकळी होते. २००४ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सर पेशींतला ट्विस्ट दाबून टाकला, तर त्या पेशींचं फुप्फुसात पसरणं खूपच कमी होतं.

म्हणजे पसरण्यासाठी कॅन्सरने नवं काही शोधून काढलेलं नसतं. शरीराचाच एक जुना, उपयोगी कार्यक्रम तो चुकीच्या वेळी चालू करतो. नव्या जागी पोचल्यावर यातल्या बऱ्याच पेशी पुन्हा चिकट आणि स्थिर होतात, तेव्हाच तिथे गाठ वाढते. सगळाच प्रसार याच एका पद्धतीने होतो असं नाही. काही पेशी घोळक्याने, एकमेकींचा हात न सोडताही जातात. रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी तर वाटेतच मरतात. ज्या उरतात, त्यातल्या काही वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. आठ, दहा, कधी पंधरा वर्षांनी आजार परततो, तो बहुधा अशा झोपलेल्या पेशींमुळे.

सुईबद्दलची भीती आता याच्या शेजारी ठेवून बघा. पसरण्याची तयारी पेशीच्या आत, नियामकांच्या पातळीवर होते. सुई ती तयारी करून देत नाही. भीतीला अजिबात आधार नाही असंही मी म्हणणार नाही. यकृतातच सुरू झालेल्या कॅन्सरमध्ये सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याची थोडी उदाहरणं आहेत, आणि वृषणाच्या गाठीला आम्ही मुद्दामच सुई लावत नाही. कुठे सुई लावायची आणि कुठे नाही, याचे नियम अशा अनुभवांतूनच तयार झाले आहेत. पण स्तनाचा कॅन्सर परतल्याचा संशय असताना सुईच्या भीतीने तपासणी टाळली, तर नुकसान रुग्णाचं होतं.

औषध चुकवण्याच्या दोन वाटा

२०१० साली बोस्टनमधल्या जेफ्री सेटलमन यांच्या गटाने एक साधा प्रयोग केला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी घेतल्या. या पेशी एका विशिष्ट औषधाने मरतात हे माहीत होतं. त्यांच्यावर त्या औषधाचा प्रचंड मोठा डोस सोडला. जवळपास सगळ्या मेल्या. हजारात दोन-तीन मात्र उरल्या. त्या वाढत नव्हत्या, पण मरतही नव्हत्या.

म्युटेशनमुळे त्या वाचल्या असत्या, तर पुढच्या पिढ्याही औषधाला दाद न देणाऱ्याच निघाल्या असत्या. पण औषध काढून घेतलं, पेशींना वाढू दिलं, आणि काही काळाने त्यांची संतती पुन्हा त्याच औषधाने मरू लागली! म्हणजे त्यांची जनुकं तीच होती. संकटापुरती त्यांनी वापरण्याची पद्धत बदलली होती. पावसाळ्यात बेडूक बाहेर येतो आणि उन्हाळ्यात जमिनीखाली दडून बसतो, तसंच काहीसं. बेडूक तोच, वागणं ऋतूप्रमाणे.

अशा दडलेल्या पेशींना वेळ मिळतो. आणि त्या वेळात दुसरी वाट, म्हणजे कायमस्वरूपी म्युटेशनची, खुली होते.

आपल्या ओळखीच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरकडे परत येऊ. त्याच्यात पुढे काय काय होऊ शकतं?

एक, रिसेप्टर आहे तसाच राहतो. मग पुन्हा हार्मोनची औषधं, जोडीला नवी औषधं, असा मार्ग मोकळा असतो.

दोन, रिसेप्टरच्या स्वतःच्या जनुकात म्युटेशन होतं आणि बटण 'चालू' स्थितीतच अडकतं. आता इस्ट्रोजेन नसलं तरी तो काम करत राहतो. पहिल्या गाठीत हे फार क्वचित दिसतं. पण लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्यावर, पसरलेल्या आजारात ते सुमारे २० ते ४० टक्के रुग्णांत सापडतं. अशा वेळी त्याच प्रकारची गोळी चालू ठेवून फारसा उपयोग नसतो. रिसेप्टरच नष्ट करणारं फुल्व्हेस्ट्रंटचं इंजेक्शन आहे, आणि नेमक्या या म्युटेशनसाठी एलासेस्ट्रंट या गोळीला जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

तीन, पेशी रिसेप्टर बनवणंच थांबवते. आधी ईआर पॉझिटिव्ह असलेला आजार परतल्यावर ईआर निगेटिव्ह निघतो. परतलेल्या आजाराच्या दर पाच-सहा रुग्णांपैकी साधारण एकात ईआरचा निकाल पहिल्यापेक्षा वेगळा येतो. हर-टू नावाच्या दुसऱ्या महत्त्वाच्या प्रथिनाचा निकाल दहातल्या एखाद्या रुग्णात बदलतो. आणि हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावर अतिशय प्रभावी औषधं उपलब्ध आहेत.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही हेच. ईजीएफआर म्युटेशन असलेल्या रुग्णाला गोळी लागू पडते, महिने-वर्षं छान जातात, मग आजार पुन्हा वाढतो. त्यातल्या काही टक्के रुग्णांत आजार आपलं रूपच बदलून स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारचा झालेला असतो. त्याची केमो पूर्णपणे निराळी. बायोप्सी केली नाही, तर हा बदल कळण्याचा खात्रीचा मार्ग नाही.

माझी चूक

हे मत मी पुस्तकं वाचून बनवलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णाचा आजार यकृतात परतला. जुना रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. घरच्यांना बायोप्सी नको होती आणि मीही फार आग्रह धरला नाही. जुन्या कागदावर विसंबून हार्मोनची गोळी दिली. चार महिन्यांत आजार वाढला. तेव्हा बायोप्सी केली, तर हर-टू पॉझिटिव्ह. योग्य औषध सुरू झालं, त्याचा उपयोगही झाला. पण ते चार महिने मी त्यांना परत देऊ शकलो नाही. त्या घरच्यांनी मला कधी दोष दिला नाही. मी मात्र तेव्हापासून आग्रह धरायला शिकलो.

आणखी एक कारण आहे, जे आपल्या देशात विसरून चालणार नाही. स्कॅनवर चमकणारा प्रत्येक डाग कॅन्सर नसतो. टीबीचे डाग पेट स्कॅनमध्ये हुबेहूब तसेच चमकू शकतात. मणक्यात, छातीतल्या गाठींत, यकृतातही. परतलेला कॅन्सर समजून आलेल्या रुग्णाच्या बायोप्सीत टीबी निघाला, तर त्या घरातला आनंद काय असतो, ते बघायला हवं. नव्या तपासणीशिवाय त्या रुग्णाला नुसतीच केमो मिळाली असती.

"पण डॉक्टर..."

तुमच्या शंका मला माहीत आहेत, आणि त्या रास्त आहेत.

*खर्च आणि त्रास होतो.* होतो. पण चुकीच्या औषधाचे चार महिने त्याहून महाग पडतात, पैशानेही आणि शरीरानेही. सरकारी योजना किंवा विमा असेल, तर तपासणीचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी विचारून घ्या.

*रक्ताच्या तपासणीतून कळत नाही का?* काही प्रमाणात कळतं. लिक्विड बायोप्सीत रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे तपासतात. रिसेप्टरच्या जनुकातलं म्युटेशन त्यात छान सापडतं. पण पेशीने रिसेप्टर बनवणं थांबवलं आहे का, आजाराने रूप बदललं आहे का, की तो मुळात टीबी आहे, हे रक्तातून खात्रीने कळत नाही. त्यासाठी तुकडाच लागतो. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत.

*प्रत्येकाची बायोप्सी करायलाच हवी का?* नाही. डाग धोकादायक जागी असेल, रुग्ण फार अशक्त असेल, किंवा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर आग्रह धरू नये. यकृत झपाट्याने निकामी होत असेल, तर औषध सुरू करायला थांबूही नये. फक्त हाडातच आजार असेल, तर अडचण असते. हाडाचा तुकडा मऊ करायला रसायन वापरावं लागतं, त्याने रिसेप्टरचा निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून पर्याय असेल तर आम्ही यकृत, त्वचा किंवा लसिका ग्रंथी निवडतो. माझा मुद्दा एवढाच आहे की बायोप्सी नको असेल, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा. फाईल जाड आहे म्हणून तो घेतला जाऊ नये.

आशा कुठे आणि भूल कुठे

नियामकच चुकत असतील, तर त्यांना दुरुस्त करणारं औषध का नाही? काही ठिकाणी आहे, आणि त्यातली एक कहाणी फार सुंदर आहे. एपीएल नावाचा रक्ताचा कॅन्सर एकेकाळी काही आठवड्यांत जीव घ्यायचा. त्यात दोन जनुकं एकमेकांना जोडली जाऊन एक विकृत नियामक तयार होतो, आणि तो पांढऱ्या पेशींना परिपक्व होऊ देत नाही. १९८० च्या दशकात शांघायच्या वांग झेनयी यांनी या रुग्णांना जीवनसत्त्व अ चं एक रूप द्यायला सुरुवात केली. त्याने तो अडथळा सुटतो आणि कॅन्सरच्या पेशी चक्क वयात येऊन शहाण्या होतात. पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली. आज कमी धोक्याच्या गटातले ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

पण हीच गोष्ट सांगून कोणी तुम्हाला सोमल घातलेली पुडी विकत असेल, तर सावध व्हा. सोमल म्हणजे आर्सेनिक, आणि ते विष आहे. या एका आजारात ते शिरेतून, मोजून, हृदयाच्या तपासण्या करत दिलं जातं. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ते औषध नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पेशी दडून बसतात ती यंत्रणा प्रयोगशाळेत औषधाने मोडता येते, हे सेटलमन यांच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं. त्याच जातीचं एन्टिनोस्टॅट नावाचं औषध हार्मोनच्या गोळीबरोबर दिलं, तेव्हा छोट्या चाचणीत आशा वाटली. सुमारे ६०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र २०२१ साली फायदा दिसला नाही. स्नेल आणि ट्विस्टला थेट रोखणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही. काचेच्या बशीतून रुग्णाच्या पलंगापर्यंतचा रस्ता इतका लांब असतो.

म्हणूनच "जीन डिटॉक्स", "एपिजेनेटिक आहार", "हळदीच्या अर्काने कॅन्सरची जनुकं बंद" अशा जाहिराती दिसल्या, की ही चाचणी आठवा. हळद जेवणात जरूर घाला. पण बशीतल्या पेशीवर एखाद्या अर्काचा परिणाम दिसला, म्हणजे तो तुमच्या मणक्यातल्या पेशीवर होईल असं नाही. आणि अशा महागड्या कॅप्सूल घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा, कारण काही अर्क मूळ औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करतात.

दोष कोणाचा?

आजार परतला की घरात कुजबुज सुरू होते. "पथ्य पाळलं नाही." "फार काळजी करायची, म्हणून झालं." "तेव्हाच्या डॉक्टरांनी नीट काढलं नाही." "केमो नकली असेल." हे बोल रुग्णाच्या कानावर पडतात, आणि आधीच खचलेला माणूस अपराधी होऊन बसतो.

वर वाचलंत ते कुणालाही ऐकवा. पेशीकडे दडून बसण्याची, रूप बदलण्याची, जुने कार्यक्रम उकरून काढण्याची ताकद असते. रुग्णाने सगळं बरोबर केलं, डॉक्टरांनी सगळं बरोबर केलं, तरीही आजार परतू शकतो. त्यात कोणाचं पाप नाही.

डॉक्टरांना विचारा

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. हा डाग कॅन्सरचाच आहे, हे कशावरून? टीबी किंवा दुसरं काही असू शकतं का?
२. नवी बायोप्सी शक्य आहे का? कुठून घेणं सर्वात सुरक्षित आणि उपयोगी?
३. ईआर, पीआर, हर-टू पुन्हा तपासणार का?
४. माझ्या आजारात रक्तातल्या डीएनएच्या तपासणीचा उपयोग आहे का? निकालाने औषध बदलेल का?
५. बायोप्सी करायची नसेल, तर का नाही?

आणि एक काम आजच करा. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत, ते त्या रुग्णालयात विचारून ठेवा. जुनं आणि नवं शेजारी ठेवून तपासता आलं, तर पॅथॉलॉजिस्टचं काम अधिक अचूक होतं.

सुरुवातीच्या त्या बाईंचं काय झालं, हे राहिलं. मुलगा दोन दिवस विचार करून परत आला आणि बायोप्सी झाली. निकाल आला तो आठ वर्षांपूर्वीसारखाच. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. मुलगा म्हणाला, "म्हणजे उगाचच केली ना?"

मी म्हटलं, "नाही. परवापर्यंत आपण अंदाज करत होतो. आज आपल्याला माहीत आहे."

बाईंची नवी औषधं सुरू झाली आहेत. कंबरदुखी कमी आहे, आणि परवा त्या स्वतः चालत ओपीडीत आल्या. फाईल या वेळी मुलाच्या नाही, त्यांच्याच हातात होती. सगळ्यात वर नवा रिपोर्ट लावला होता.